कोव्हॅक्सीनचा एक डोस झालाय, दम्मामला परत जायचंय, दुसरा घेऊ का थांबू?

सेलूकर_एसीवाला
११ जून २०२१, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. लई दिवसापासून नुसतं वाचायलो होतो, आज पहिल्यांदाच लिहायलोय, चुकलं माकलं सांभाळून घ्या. मी सेलूचा, परभणी जिल्हा. सात वर्षं झाली दम्मामला एसी टेक्निशियन आहे. जानेवारीत बहिणीच्या लग्नासाठी दोन महिन्याच्या छुट्टीवर आलो, लग्न झालं, हळद अजून उतरली नव्हती तर ३ फेब्रुवारीला सौदीनं वीस देशांची एंट्री बंद केली, त्यात आपण. तवापासून इथंच आहे. ३० मे ला त्यातल्या अकरा देशांचं उघडलं, आपलं नाही.

आता खरा लोचा ऐका. १ मे ला १८ ते ४४ वाल्यांचं लसीकरण चालू झालं तेव्हा आमच्याकडं रोज कुणाचं ना कुणाचं वाईट कळायचं, ऑक्सिजनसाठी लोक परभणी ते नांदेड पळायलेले, मी काही विचार न करता मोबाईल घेऊन बसलो अन ५ मे चा स्लॉट धरला. सुई टोचून झाल्यावर सिस्टरला विचारलं कोणती होती हो, म्हणली कोव्हॅक्सीन. म्हणलं बरं. मला काय माहीत त्यात एवढं रामायण आहे. घरी येऊन कंपनीतल्या मल्याळी दोस्ताला व्हॉट्सॅपवर सांगितलं तर तो म्हणतो अरे ये क्या किया, सौदीच्या यादीत फायझर, ॲस्ट्राझेनेका, मॉडर्ना आणि जॉन्सन एवढंच आहे, कोविशील्ड म्हणजे ॲस्ट्राझेनेकाच म्हणून ती चालती, कोव्हॅक्सीन नाही. डब्ल्यूएचओनं पण अजून मान्यता दिली नाही म्हणे.

त्यात १२ मे ला राज्यानं आमच्या वयाचं बंदच केलं, लस ४५ च्या वरच्यांच्या दुसऱ्या डोसला लागते म्हणून. आता महिना होऊन गेला, दुसरा डोस लटकलाय. घ्यावा का न घ्यावा? का कोविशील्ड पहिल्यापासून चालू करावी? एक एजंट म्हणायला सर्बियाला भारताचा पासपोर्ट असला की व्हिसा लागत नाही, तिथं चौदा दिवस काढ अन तिथून सौदीत जा, पॅकेज अडीच लाख. अडीच लाखात आमची विहीर होते. कुणी गेलंय का असं? इकाम्याची, म्हणजे सौदीत राहायच्या परवान्याची, पण धाकधूक आहे. कफील, म्हणजे तिथला मालक, चांगला आहे पण किती दिवस थांबल.

छावणीवाला
११ जून २०२१, रात्री ११:५८

अरे भाई एवढं काय टेन्शन घेतो. तुझ्याकडं आधार पण आहे अन पासपोर्ट पण आहे. पहिला डोस आधारवर घेतला ना, मग दुसऱ्या मोबाईल नंबरवरून पासपोर्ट टाकून नवीन रजिस्ट्रेशन मार, कोविशील्डचे दोन घे, विषय खतम. आमच्या औरंगाबादात दोघांनी केलंय, काही झालं नाही त्यांना. एक बांह में स्वदेशी एक बांह में ऑक्सफर्ड 😄

ऑपरेटर_मानवत
१२ जून २०२१, सकाळी ७:१५

वरच्या भाऊंचा सल्ला कृपा करून कुणी ऐकू नका. मी लसीकरण केंद्रावर कोविनच्या एन्ट्र्या मारायचं काम करतो, जानेवारीपासून, म्हणजे १६ जानेवारीला आरोग्यवाल्यांचं सुरू झालं तेव्हापासून रोज हेच.

एक तर दोन वेगवेगळ्या लसी एकाच माणसाला द्यायची आत्ता परवानगी नाही. दुसरं, तुमच्या नावावर दोन ठिकाणी पहिला डोस दिसायला लागला की उद्या सर्टिफिकेटच्या वेळी तुम्हीच अडकणार, अन त्या टायमाला फोन मलाच येणार. रोज दोन तीन तरी अशा भानगडी येतात, त्या पण चुकून झालेल्या. मुद्दाम केलेलं निस्तरायला मी काही बसणार नाही.

सेलूकर भाऊ, तुमचा दुसरा डोस चार ते सहा आठवड्यात घ्यायचा असतो, ५ मे धरला तर सहा आठवडे १६ जूनला भरतात. १८ ते ४४ चा पहिला डोस बंद आहे हे खरं पण ज्यांचा पहिला झालाय त्यांना दुसरा काही केंद्रांवर देऊ लागलेत, तुमच्या ग्रामीण रुग्णालयात जाऊन समोरासमोर विचारा, साईटवर बसून स्लॉटची वाट बघू नका. आधी मॅसेज दाखवा पहिल्या डोसचा.

आता ७ जूनला जो नवीन नियम निघालाय तो पण सांगून ठेवतो कारण कालपासून त्याच्यासाठी रांग लागलीय. बाहेर शिकायला किंवा नोकरीला जाणाऱ्यांना अन टोकियो ऑलिंपिकला जाणाऱ्यांना (आपल्याकडं कोण आहे ऑलिंपिकला, पण जी आर मधे आहे) कोविशील्डचा दुसरा डोस ८४ दिवस न थांबता २८ दिवसांनंतर घेता येतो, ३१ ऑगस्टपर्यंत सवलत. व्हिसा, ऑफर लेटर, कंपनीचं पत्र असं काहीतरी दाखवावं लागतं अन सर्टिफिकेटवर पासपोर्ट नंबर येतो. हे फक्त कोविशील्डला आहे, तुम्हाला लागू नाही, पण वाचणाऱ्यांपैकी कुणाला तरी कामी येईल.

आणि सगळ्यांना हात जोडून सांगतो, नाव. पासपोर्टवर जसं नाव आहे तसंच सर्टिफिकेटवर पाहिजे. आपल्याकडं आधारवर एक, शाळेच्या टीसीवर दुसरं अन पासपोर्टवर तिसरं. शेख आधारवर आधी येतं अन पासपोर्टवर आडनाव म्हणून शेवटी जातं. कुणाच्या पासपोर्टवर आडनावच नाही, कुणाचं वडलांचं नाव अन स्वतःचं नाव एकत्र चिकटलेलं. रजिस्ट्रेशन करतानाच पासपोर्ट समोर ठेवून अक्षर अन अक्षर बघा. आम्हाला घाईत कुणी सांगत नाही, अन शंभर माणसं उभी असताना आम्ही पण विचारत नाही, हे पण खरं.

सेलूकर_एसीवाला
१२ जून २०२१, दुपारी २:०५

लई धन्यवाद ऑपरेटर भाऊ. तुमी मानवतचे म्हणजे आमचे शेजारीच की. आत्ताच रुग्णालयातून आलो, मंगळवारी या म्हणले. पण मन मानत नाही, दुसरा डोस घेतला म्हणजे कोव्हॅक्सीनचा शिक्का कायमचा बसला ना? एकावरच थांबलो तर निदान उद्या काही बदललं तर रस्ता मोकळा राहील असं घरचे म्हणायलेत. पाऊस पण पडलाय, सगळे पेरणीच्या मागं, मी आपला तिफणीमागं मोबाईल घेऊन.

उदगीरची_लेक
१२ जून २०२१, रात्री १०:३०

सेलूकर, मी उदगीरची, नऊ वर्षं झाली इंग्लंडला नर्स आहे. घरचे म्हणतात तसं करू नका, दुसरा डोस घ्या. एका डोसवर थांबून राहणं म्हणजे अर्ध्या छपराखाली पावसात झोपणं आहे, आणि मी गेल्या वर्षभरात आमच्या वॉर्डात काय बघितलं ते इथं लिहीत नाही.

शिक्क्याचं म्हणाल तर माझंच ऐका. मला फेब्रुवारीपर्यंत फायझरचे दोन्ही डोस झाले होते, सगळ्या जगात चालणारी लस, हातात कार्ड. मे महिन्यात वडील गेले. आमचं इकडं २३ एप्रिलपासून भारत रेड लिस्टवर. निघताना एअर सुविधा या भारत सरकारच्या साईटवर फॉर्म भरला, घरात मृत्यू असेल तर आरटीपीसीआरमधून सूट मिळते ती घेतली, मुंबईला उतरल्यावर विमानतळावरच टेस्ट झाली, मग मुंबई ते उदगीर गाडीनं यायला पोलिसांचा ई-पास, तो पण रस्त्यात दोनदा तपासला, एका ठिकाणी हवालदार काका म्हणाले ताई कारण काय, मी म्हणाले वडील, तर त्यांनी कागद बघितलाच नाही, नुसता हात केला जा म्हणून. अंत्यविधी झालेला होता. दहावं केलं आणि अकराव्या दिवशी निघावं लागलं कारण रजाच तेवढी होती आणि परत गेल्यावर दहा दिवस हॉटेलात कोंडून घ्यायचेत हे त्यातच धरायचं होतं.

ते हॉटेल म्हणजे १७५० पौंड एका माणसाचे, स्वतःच्या खिशातून. पाच ते बारा वर्षाच्या पोराचे वरून ३२५. लस घेतलीय का नाही कुणी विचारत नाही, रेड लिस्टमधून आलात ना, बसा आत. खिडकी उघडत नव्हती. दिवसातून एकदा सिक्युरिटीचा पोरगा खाली पार्किंगमधे फिरवून आणायचा, तो निघाला पंजाबचा, स्टुडंट, त्याच्याशी हिंदीत बोलायचे. वडलांचं तेरावं मी त्या खोलीत बेडवर बसून मोबाईलवर बघितलं, नेटवर्क जायचं आणि भटजींचा मंत्र मधेच अडकायचा, आई सारखी विचारत होती दिसतंय का तुला, दिसतंय का.

म्हणून सांगते की कोणती लस यावर सगळं ठरतं असं समजून डोकं लावत बसू नका. देश कोणत्या रंगाच्या यादीत आहे यावर जास्त ठरतं, आणि ती यादी तुमच्या माझ्या हातात नाही. तुमच्या हातात तब्येत आहे तेवढी सांभाळा.

छावणीवाला
१२ जून २०२१, रात्री ११:१०

ताई सॉरी, वाईट वाटलं वाचून. मी काल मस्करीत लिहिलं. डिलीट करत नाही, राहू द्या, लोकांना कळू द्या काय करायचं नाही ते.

नांदेड_टू_दोहा
१३ जून २०२१, दुपारी ४:२०

सेलूकर भौ, सर्बिया वगैरे एजंटच्या नादी लागण्याआधी आमच्या चुलतभावाची गोष्ट ऐका. तो रियादला ड्रायव्हर. फेब्रुवारीत हे सगळे दुबईमार्गे जायचे, तिथं चौदा दिवस काढून पुढं. सौदीनं दुबईच बंद केली, कितीतरी लोक तिथं अडकले, रूमचं भाडं संपलं. मग एजंट म्हणले नेपाळ. एप्रिलमधे आमचा भाऊ अन त्याच्या मागोमाग आणखी सात आठ जण नांदेडहून गेले काठमांडूला, एका खोलीत सहा जण, स्वयंपाक स्वतःच, दिवसभर पत्ते. अन मग नेपाळनं काढलं की भारतीयांनी आमच्याकडून तिसऱ्या देशात जायचं नाही, २८ एप्रिलपासून बंद. भाऊ त्याच्या दोन दिवस आधी कसाबसा निघाला, त्याचे चौदा भरले होते, बाकीच्यांचे भरले नव्हते. ते बिचारे सुनौलीवरून पायी बॉर्डर ओलांडून गोरखपूर, तिथून रेल्वेनं घरी. एजंटनं एक रुपया परत दिला नाही, फोन उचलणं बंद.

मालदीव पण मे मधे बंद झालं आपल्यासाठी. बहरीनचं पण २४ मे पासून, तिथला रहिवासी असल तरच. म्हणजे बघा एकेक दार उघडतंय, आपले लोक तिकडं पळायलेत, ते पोचायच्या आत बंद. ज्यानं तिकीट विकलं त्याचं काय जातंय? अडीच लाख घालून सर्बियात बसलात अन दहाव्या दिवशी नियम बदलला तर तिथं तर मराठी सोडा हिंदी बोलायला माणूस नाही मिळणार.

इकाम्याचं टेन्शन घेऊ नका. इकामा अन खुरूज-औदा (जाऊन परत यायचा व्हिसा) दोन्ही राजाच्या हुकुमानं फुकट वाढवायलेत, आधी २ जूनपर्यंत होतं, आता ३१ जुलै केलं. तुम्हाला काही करावं लागत नाही, आपोआप होतं, फक्त मुकीम या सौदीच्या साईटवर चेक करत राहा. कफीलला महिन्यातून एकदा फोन करा, सलाम करा, तेवढं लक्षात ठेवतात ते लोक.

सेलूकर_एसीवाला
१५ जून २०२१, संध्याकाळी ६:३०

घेतला. दुसरा पण कोव्हॅक्सीन. ताप आला नाही, हात दुखायलाय. मल्याळी दोस्ताला सांगितलं नाही अजून.

एजंटला नाही म्हणलं. तो म्हणला पंधरा दिवसांनी रडत येशील.

ऑपरेटर_मानवत
२८ जून २०२१, रात्री ९:००

सगळ्यांसाठी. पासपोर्ट जोडायला आता केंद्रावर यायची गरज नाही, कोविनच्या साईटवरच सोय झाली. लॉगिन केलं की 'रेझ ॲन इश्यू' मधे पासपोर्ट जोडायचा ऑप्शन आहे, माणूस निवडायचा, नंबर टाकायचा, सर्टिफिकेट नव्यानं डाऊनलोड करायचं. नाव दुरुस्तीचं पण तिथंच आहे, पण एकदाच. एकदा चुकीचं दुरुस्त केलं की संपलं. काल एक जण आला, त्यानं दुरुस्तीत स्वतःच्या नावाच्या जागी बायकोचं नाव टाकलं, म्हणतो मोबाईल पोराच्या हातात होता. आता सांगा.

नांदेड_टू_दोहा
१४ जुलै २०२१, रात्री १:१५

परवापासून, १२ जुलैपासून कतारनं कोविशील्डचे दोन डोस झालेल्यांना क्वारंटाईनशिवाय घ्यायला सुरुवात केलीय. झालं, सौदीवाले सगळे आता दोह्यात. आमच्या बिल्डिंगमधे परभणीचे दोघं अन सिल्लोडचा एक येऊन राहिलेत, चौदा दिवस काढून पुढं जाणार. काल त्यांना ज्वारीची भाकरी करून घातली तर एकाच्या डोळ्यात पाणी आलं. ज्यांचं कोविशील्ड झालंय त्यांनी विचार करावा, पण लवकर, माझा भरवसा नाही हे किती दिवस राहील. सेलूकर भौ तुमचं दुःख समजतंय.

नांदेड_टू_दोहा
३ ऑगस्ट २०२१, सकाळी ८:४०

म्हणलं होतं ना. कालपासून भारतात लस घेऊन येणाऱ्यांना हॉटेलात दहा दिवस. जेमतेम तीन आठवडे टिकलं. आमचे तिघं निघून गेले त्याच्या आधी, नशीब.

उदगीरची_लेक
१२ ऑक्टोबर २०२१, रात्री ११:००

बऱ्याच दिवसांनी आले. ८ ऑगस्टला भारत रेड लिस्टवरून निघाला, पण सप्टेंबरात नवीन नाटक. इकडच्या सरकारनं म्हणायचं की कोविशील्ड लस मान्य आहे, पण भारताचं सर्टिफिकेट मान्य नाही! लस पुण्यात बनते, ऑक्सफर्डचीच आहे, पाच दशलक्ष डोस पुण्याहून इकडंच आलेत, आणि तीच लस उदगीरच्या दंडात गेली की संशय. मग भारतानं पण ४ ऑक्टोबरपासून इकडून येणाऱ्यांना दहा दिवस क्वारंटाईन लावलं, लस झालेली असो नसो. आठवडाभरात सरळ झाले, काल ११ तारखेपासून मान्य केलं. सर्टिफिकेटवर आता पूर्ण जन्मतारीख टाकून मिळते, आधी नुसतं वय असायचं. बाहेर जाणाऱ्यांनी ते नवीन काढून घ्या. आईला दिवाळीनंतर इकडं आणायचा विचार आहे, तिचे दोन्ही कोविशील्डचे आहेत, एकटीनं विमानात बसायची भीती वाटते म्हणते, व्हीलचेअर असिस्टन्स मागितला तर सोबत माणूस मिळतो असं सांगितलंय तिला. ती म्हणते मी काय लंगडी आहे का.

छावणीवाला
१० नोव्हेंबर २०२१, दुपारी १२:३०

तुम्ही लंडन दोहा घेऊन बसलात, आमच्या औरंगाबादात कालपासून पेट्रोल भरायला सर्टिफिकेट लागतंय. कलेक्टरची ऑर्डर, किमान एक डोस नसल तर पेट्रोल नाही, गॅस नाही, राशन नाही. पंपावर पोरगा क्यू आर कोड बघतो, मग नळी लावतो. माझा व्हिसा मंजूर झाला, दोनशे रुपयाचं मारलं 😂

सेलूकर कुठं गायब? ३ तारखेला डब्ल्यूएचओनं कोव्हॅक्सीन मान्य केली, पेढे कुठंयत?

सेलूकर_एसीवाला
११ नोव्हेंबर २०२१, रात्री ८:१५

आहे आहे. कापूस वेचणीत होतो. सप्टेंबरात अतिवृष्टीनं सोयाबीन गेलं, कापूस थोडा राहिला. मधल्या काळात सेलूत कूलर अन फ्रिज रिपेअर केले, महिन्याला आठ दहा हजार सुटायचे, बहिणीच्या लग्नाचं कर्ज तसंच आहे. डब्ल्यूएचओचं ऐकून गल्लीत सगळ्यांनी अभिनंदन केलं जणू माझं औषध होतं. पण सौदीनं भारतावरची बंदी कुठं उठवलीय, फक्त ज्यांनी दोन्ही डोस सौदीत घेतले त्यांना ऑगस्टपासून थेट सोडायलेत. मी तर जानेवारीतच आलेलो. इकामा ३० नोव्हेंबरपर्यंत वाढलाय, त्याच्यापुढं देव जाणे.

नांदेड_टू_दोहा
२६ नोव्हेंबर २०२१, रात्री १२:०५

सेलूकर भौ उठा!! सौदीनं काढलं. १ डिसेंबरपासून भारतातून थेट, तिसऱ्या देशात चौदा दिवस नको. बाहेर कोणती लस घेतली कोणती नाही काही संबंध नाही, सगळ्यांना सरसकट पाच दिवस हॉटेल क्वारंटाईन. बॅग भरा.

ऑपरेटर_मानवत
२७ नोव्हेंबर २०२१, सकाळी ६:५०

भरा पण लवकर भरा, तो नवीन ओमिक्रॉन आलाय आफ्रिकेत, कालच त्याचं नाव ठेवलं. मला या नावांची आता भीती वाटते. सर्टिफिकेटची रंगीत प्रिंट दोन प्रती घ्या, मोबाईल ऐनवेळी बंद पडतो.

सेलूकर_एसीवाला
१३ डिसेंबर २०२१, रात्री १०:२०

मंडळी, दम्माममधून लिहायलोय. हॉटेलात चौथा दिवस.

परभणीहून देवगिरीनं मुंबई, तिथून चार्टरचं तिकीट, नेहमीच्या अडीच पट. पैसे मेव्हण्यानं दिले, ज्याच्या लग्नाला आलो होतो त्यानंच. ओमिक्रॉनचं ऐकून रोज सकाळी उठून पहिलं बंदी आली का बघायचो, १ तारखेला सौदीतच त्याचा पहिला पेशंट निघाला तेव्हा तर बॅग परत उघडून ठेवली होती. विमान धावपट्टीवर पळायला लागलं तरी मला वाटायलं की आता थांबवतेत.

इमिग्रेशनला कोव्हॅक्सीनची रंगीत प्रिंट काढून दिली, दोन प्रती. त्यानं बघितली पण नाही. बाजूला सरकवली अन हॉटेलचं बुकिंग मागितलं. सहा महिने ज्याच्यासाठी झोप नव्हती तो कागद असा सरकवला. आल्यावर एक टेस्ट झाली, उद्या पाचव्या दिवसाची. तवक्कलनावर, म्हणजे सौदीच्या कोविड ॲपवर, स्टेटस हिरवं व्हायला इथल्या लसीचे डोस घ्यावे लागतील असं कंपनी म्हणायली, घेऊ, आता दंड काही आपला राहिला नाही.

खोलीतला स्प्लिट एसी पहिल्या रात्री खरखर करायचा, झोप लागेना. रिसेप्शनला फोन केला तर म्हणले क्वारंटाईनच्या खोलीत टेक्निशियन पाठवता येत नाही. मग खुर्चीवर उभा राहिलो, कव्हर काढलं, फिल्टर बाथरूममधे धुतला, ब्लोअरमधे वीतभर धूळ होती ती टूथब्रशनं काढली. आता आवाज नाही. अकरा महिन्यांनी सौदीतला पहिला एसी केला, फुकट.

छावणीवाला
१३ डिसेंबर २०२१, रात्री १०:४१

बिल लाव हॉटेलला. अन टूथब्रश नवीन मागव.